रिटेलच्या मुलाखतीच्या क्लासला पैसे भरण्याआधी

कपड्यांच्या, किराण्याच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सेल्स असोसिएट, कॅशियर, स्टोअर असिस्टंट म्हणून पहिली नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींसाठी नाशिकमध्ये तयारीच्या वाटा तीन. फी घेणारे मुलाखत-क्लास, सरकारी पोर्टल व रोजगार मेळावे, आणि ज्या दुकानात नोकरी हवी त्या दुकानात स्वतः एक चक्कर. तिसऱ्या वाटेचा खर्च वीस-तीस रुपये आणि एक दुपार, आणि तीच सगळ्यांत जास्त उपयोगी पडते. पहिलीत पैसे घालायचेच असतील तर काय बघून घालावेत, याची फूटपट्टी आधी ठरवायला हवी. मुलाखतीत खरोखर काय विचारतात, ही ती फूटपट्टी.

मॉलमधल्या साखळी दुकानाची फ्लोअरच्या, म्हणजे दुकानात गिऱ्हाइकांसमोर उभं राहून करायच्या कामाच्या, जागेसाठीची मुलाखत साधारण दहा-पंधरा मिनिटांची असते. ती स्टोअर मॅनेजर किंवा त्याचा सहायक घेतो, बऱ्याचदा मागच्या स्टॉकरूममध्ये, खोक्यांच्या शेजारी. त्याला वक्ता नको असतो. नवा माणूस शिकवला, युनिफॉर्म दिला, बिलिंगचा पासवर्ड दिला आणि दीड महिन्यात तो निघून गेला, तर त्याची सगळी पाळीपत्रकं कोलमडतात. म्हणून त्याचे निम्मे प्रश्न तुम्ही टिकाल का याभोवती फिरतात. राहता कुठे? रात्री दुकान बंद झाल्यावर घरी कसे जाल? शनिवार-रविवारी काम चालेल का? दिवाळीत सुट्टी मिळणार नाही, घरच्यांना माहीत आहे का? आठ-नऊ तास उभं राहण्याची सवय आहे का? उरलेले निम्मे प्रश्न आकडेमोड, गिऱ्हाइकाशी बोलणं आणि मालाची समज यावर.

आता क्लासचा ठरावीक साचा या फूटपट्टीवर ठेवून पाहा. सहा-सात दिवसांच्या क्लासमध्ये पहिला दिवस इंग्रजीतून स्वतःची ओळख पाठ करण्यात जातो. दुसरा देहबोलीचा, तिसरा बायोडेटाचा, चौथा पेहरावाचा, मग गटचर्चा आणि शेवटी सराव-मुलाखत. फ्लोअरच्या जागेसाठी गटचर्चा क्वचितच घेतात, म्हणजे तो दिवस वाया. पाठ केलेल्या ओळखीने तर नुकसानच होतं. एकाच क्लासचे चार उमेदवार एका दिवशी आले आणि चौघांनीही आपण 'मेहनती, प्रामाणिक आणि लवकर शिकणारे' आहोत असं त्याच क्रमाने सांगितलं, की चौथ्याचं वाक्य मॅनेजर पुरं ऐकत नाही. मधेच थांबवून मराठीत एक साधा प्रश्न विचारला की पाठांतर तुटतं आणि उमेदवार गोंधळतो. त्यापेक्षा चार वाक्यं स्वतःची तयार ठेवा, मराठीत किंवा हिंदीत: नाव आणि राहण्याचं ठिकाण, शिक्षण, आजवर कुठेही केलेलं देवघेवीचं काम, आणि कोणत्या वेळा मोकळ्या आहेत. मामाच्या किराणा दुकानात सुट्टीत बसणं, गणेश मंडळाच्या वर्गणीचा हिशेब, दिवाळीतला पणत्यांचा स्टॉल, हे सगळं अनुभवात मोडतं. उमेदवार मात्र लाजून ते सांगत नाहीत.

इंग्रजीबद्दल उगाच भीती घातली जाते. किराण्याच्या आणि परवडणाऱ्या कपड्यांच्या दुकानात मराठी-हिंदी सफाईदार असली की पुरतं. महागडी घड्याळं, परफ्यूम, मोबाइल विकणाऱ्या ठिकाणी इंग्रजीचा फायदा होतो, हेही खरं. नाशिकच्या दुकानात मात्र एक वेगळीच भाषा कामाला येते. कळवण, सटाणा, मालेगावकडून खरेदीला आलेल्या कुटुंबाशी कुणी अहिराणीत दोन वाक्यं बोललं, तर त्यांचा संकोच तिथेच संपतो. येत असेल तर बायोडेटात लिहा. त्र्यंबकेश्वर-पंचवटीला येणाऱ्या भाविकांमुळे गुजराती आणि हिंदीचंही तसंच आहे, आणि 2027 च्या सिंहस्थात त्याचं मोल आणखी वाढेल.

सराव-मुलाखत हा क्लासमधला एकमेव मोलाचा भाग, आणि तोच सर्वांत कमी मिळतो. हिशेब सोपा आहे. बॅचमध्ये 30 जण असतील आणि सरावाला एक तास असेल, तर माणशी दोन मिनिटं येतात. दोन मिनिटांत नाव-गाव सांगून होतं. प्रत्येकाला निदान दहा मिनिटं द्यायची तर पाच तास लागतात. म्हणून पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: बॅच किती जणांची, प्रत्येकाचा सराव किती वेळा, आणि शिकवणाऱ्याने स्वतः दुकानाच्या फ्लोअरवर काम केलंय का? बिलिंग मशीन किंवा निदान बारकोड स्कॅनर हाताळायला मिळतो का, हा चौथा प्रश्न. चारांपैकी तीन उत्तरं समाधानकारक असतील तर क्लास विचार करण्याजोगा. 'नोकरीची शंभर टक्के हमी' असं बोर्डावर लिहिलं असेल तर पुढे निघा, कारण नोकरी देणं क्लासच्या हातात नसतं.

आता दुपारच्या चकरेबद्दल. मुलाखतीच्या दोन-तीन दिवस आधी, शक्यतो मंगळवार-बुधवारी, गर्दी नसताना त्या दुकानात जा. मुलाखत सिटी सेंटर मॉलमधल्या दुकानाची असेल तर तिथेच जा. त्याच साखळीचं कॉलेज रोडचं दुकान बघून भागत नाही, कारण मांडणी आणि गिऱ्हाईक दोन्ही बदलतात. पाऊण तास पुरे. दारात शिरताना पहिल्या टेबलावर काय मांडलंय ते पाहा, त्या आठवड्यात दुकानाला तेच विकायचं असतं. तुमच्या विभागातल्या तीन वस्तूंच्या किमती लक्षात ठेवा, एक सर्वांत स्वस्त, एक मधली, एक महाग. ट्रायल रूममध्ये एका वेळी किती कपडे नेऊ देतात, बिलिंगचे काउंटर किती आणि त्यातले चालू किती, हेही पाहा. 'आमच्याच दुकानात का यायचंय?' या प्रश्नाला 'मोठी कंपनी आहे' हे उत्तर सगळेच देतात. 'मंगळवारी येऊन गेलो, मुलांच्या कपड्यांचा विभाग दारापासून लांब आहे, तिकडे गिऱ्हाइकाला वाट दाखवायला कुणी नव्हतं' असं कुणी म्हणालं की मॅनेजर खुर्चीत पुढे सरकतो. हे टीकेच्या सुरात बोलू नका. पाहिलं तेवढं सांगा.

निघताना सर्वांत स्वस्त वस्तू विकत घ्या, वीस रुपयांचे मोजे किंवा बिस्किटाचा पुडा. वस्तू महत्त्वाची नाही, बिल महत्त्वाचं. त्या बिलावर अर्धी मुलाखत छापलेली असते. वर दुकानाचा जीएसटी क्रमांक असतो, महाराष्ट्रातला असेल तर त्याची सुरुवात 27 ने होते. खाली कर दोन समान भागांत मोडलेला दिसतो, केंद्राचा आणि राज्याचा. 5 टक्के कर असेल तर 2.5 आणि 2.5. मागे किंवा तळाशी बदली-परतीचे नियम असतात: किती दिवसांत, बिल लागेल का, लेबल काढलेलं चालेल का, अंतर्वस्त्रं परत घेतात का, पैसे परत देतात की फक्त दुसरी वस्तू. हे नियम वाचून गेलेला उमेदवार 'गिऱ्हाईक शर्ट परत करायला आलं तर काय कराल?' या प्रश्नावर अडखळत नाही. कॅशियरने बिल करताना मोबाइल नंबर विचारला का, पिशवीचे पैसे वेगळे लावले का, आणखी काही घ्याल का असं सुचवलं का, हेही टिपा. तीच तुमची रोजची कामं असणार आहेत.

आकडेमोडीत सर्वांत जास्त उमेदवार गळतात, आणि क्लासमध्ये तिला हातही लावत नाहीत. कॅल्क्युलेटर देतातच असं नाही. नेहमीचा सापळा म्हणजे सवलतीवर सवलत. 20 टक्के आणि वर 10 टक्के मिळून 30 होत नाहीत, 28 होतात, कारण दुसरी सवलत कमी झालेल्या किमतीवर लागते. 1,499 रुपयांचा शर्ट 20 टक्क्यांनी 1,199.20 ला येतो, त्यावर आणखी 10 टक्के गेले की 1,079.28. 'तीन घ्या, दोनचे पैसे द्या' म्हणजे तीनही सारख्या किमतीचे असतील तर सुमारे 33 टक्के सूट. ती सरसकट 40 टक्क्यांपेक्षा कमी, पण गिऱ्हाईक तीन वस्तू नेतं म्हणून दुकानाला परवडते. हे कारण सांगता आलं तर उत्तर वेगळं उठून दिसतं.

दुसरा सापळा कराचा. 1,050 रुपयांच्या किमतीत 5 टक्के कर आत धरलेला असेल तर कर किती? घाईत लोक 52.50 म्हणतात. खरा आकडा 50, कारण मूळ किंमत 1,000 आहे आणि 5 टक्के तिच्यावर लागतात. छापील एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, त्यावर वेगळा कर लावता येत नाही, हे कॅशियरच्या जागेला जाणाऱ्याला माहीत हवंच.

तिसरा सापळा सुट्या पैशांचा. बिल 637 रुपये. गिऱ्हाइकाने पाचशेच्या दोन नोटा दिल्या, तुम्ही 363 परत काढायला घेतले, तेवढ्यात त्याने खिशातून 37 रुपये सुटे पुढे केले. आता किती द्यायचे? 400. गोंधळ उडतो तो मोजायला घेतलेली रक्कम हातात असताना नवी बेरीज केल्यामुळे. काढलेले पैसे आधी गल्ल्यात परत ठेवायचे, मिळालेली एकूण रक्कम मोठ्याने म्हणायची, 'एक हजार सदतीस', आणि मग वजाबाकी. गिऱ्हाइकाची नोट लगेच आत न टाकता व्यवहार संपेपर्यंत गल्ल्याच्या वर आडवी ठेवायची, म्हणजे 'मी पाचशे दिले होते' असा वाद होत नाही. यूपीआयच्या बाबतीत गिऱ्हाइकाच्या फोनवरचा स्क्रीनशॉट पाहून पिशवी द्यायची नाही, दुकानाच्या मशीनवर किंवा स्पीकरवर रक्कम आल्याची खात्री झाल्यावरच.

चार शब्द माहीत असावेत, कारण मॅनेजर ते सहज बोलतो आणि उमेदवाराच्या चेहऱ्याकडे बघतो. दिवसभरात 100 माणसं आत आली आणि 25 बिलं झाली तर कन्व्हर्जन 25 टक्के. 25 बिलांची विक्री 30,000 असेल तर सरासरी बिल 1,200. त्या 25 बिलांत 60 नग गेले तर प्रत्येक बिलामागे 2.4 नग. चौथा शब्द श्रिंकेज, म्हणजे चोरी, मोडतोड, चुकीची नोंद यांमुळे पुस्तकातला आणि प्रत्यक्षातला माल यांत पडणारा फरक. किराण्याच्या दुकानात याला आणखी एक शब्द जोडा, फेफो. ज्याची मुदत आधी संपते तो माल पुढे, नवीन आलेला मागे. रॅक भरताना आळसाने नवा माल पुढे लावला की मागचं दही, ब्रेड तसंच राहतं आणि मुदत उलटून फेकावं लागतं. हे एक वाक्य नीट बोललात तरी पुरे.

मग 'हा शर्ट मला विका.' इथे क्लासमधून आलेले उमेदवार लगेच स्तुती सुरू करतात, कापड छान, क्वालिटी छान, तुम्हाला शोभेल. दुकानात असं कुणी विकत नाही. आधी दोन प्रश्न विचारा, कुणासाठी आणि कुठे घालायला. मग माप. मग दोन-तीनच पर्याय, दहा उघडले की गिऱ्हाईक गोंधळतं आणि घड्या घालायला तुम्हालाच अर्धा तास लागतो. मग त्याच्या गरजेला धरून एक गुण सांगा: रोज ऑफिसला हवा असेल तर 'याला इस्त्री कमी लागते'. त्यानंतर ट्रायल रूमकडे न्या आणि शेवटी एक जोडीची वस्तू सुचवा, एकच. 'ऑनलाइन स्वस्त मिळतो' असं मॅनेजर मुद्दाम म्हणेल. वाद घालू नका. 'बरोबर आहे सर, पण इथे आत्ता घालून बघता येतो आणि माप चुकलं तर इथेच बदलून मिळतो' एवढं पुरतं. बदलीचा नियम बिलावर वाचलेला असेल तरच हे वाक्य बोला. दुकान जे देत नाही त्याचं वचन देणं ही या प्रात्यक्षिकातली सर्वांत महाग चूक.

चिडलेल्या गिऱ्हाइकाचा प्रश्नही येतो. बिल नाही, शर्ट आठवडाभर वापरलेला, आवाज चढलेला. आधी पूर्ण ऐकून घ्यायचं, मधे बोलायचं नाही. मग जे करता येईल तेच सांगायचं: 'मोबाइल नंबरवरून बिल सापडतं का बघतो.' आणि वरिष्ठांना बोलवायचं. परतीचा निर्णय स्वतः घेणार असं म्हणू नका, आणि 'नियमच नाही' म्हणून दारही लावू नका. चोरीचा संशय आला तर काय कराल, याला 'पकडेन' हे उत्तर थेट बाद होतं. जवळ जाऊन 'काही मदत हवी का?' विचारायचं आणि सुपरवायझर किंवा सुरक्षारक्षकाला कळवायचं. गिऱ्हाइकाची पिशवी तपासायची नाही, आरोप करायचा नाही. संशय खोटा ठरला तर दुकानाची अब्रू जाते आणि प्रकरण पोलिसांपर्यंत पोचतं.

मेन रोड, शालिमार, रविवार कारंजा भागातल्या जुन्या दुकानांची गोष्ट निराळी. तिथे एचआर नसतो, शेठ किंवा त्यांचा मुलगा बोलतो, आणि बायोडेटापेक्षा ओळख कुणाची हे आधी विचारतो. ओळख देणाऱ्याला आधी सांगून ठेवा, त्याला फोन जाणारच. साड्यांच्या दुकानात साडी उलगडून परत घडी घालायला लावतात. काठ काठाला लागला पाहिजे आणि पदर वर दिसला पाहिजे. बस्त्याला आलेल्या दहा जणांच्या घोळक्यात पैसे कोण देणार आणि पसंत कोण करणार, ही दोन माणसं ओळखायची असतात, शेठना त्याचीच अक्कल हवी असते. पैठणी ठेवणाऱ्या दुकानात जाणार असाल तर येवल्याला एक चक्कर सत्कारणी लागते. हातमागाची ओळख पदर उलटून करतात, मागची बाजूही पुढच्यासारखी स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. हे कोणत्याही मुलाखत-क्लासमध्ये सांगितलेलं नसतं.

सरकारी वाटेचं सांगायचं तर राज्याच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवर नोंदणी मोफत आहे आणि ती करूनच ठेवावी. पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळाव्यांची माहिती तिथेच येते. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलही मोफत, त्याचा हेल्पलाइन क्रमांक 1514. मेळाव्यातली मुलाखत बहुतेक वेळा पहिली चाळणी असते. बायोडेटाच्या आठ-दहा प्रती आणि दोन पेनं घेऊन सकाळी लवकर जा, कंपन्यांची यादी आधी पाहून तीन टेबलं ठरवा, नाहीतर दिवस रांगेत जातो. बोलण्याचा सराव म्हणून मेळावा उत्तम: एका दिवसात तीन अनोळखी माणसांसमोर बसायला मिळतं, तेही फुकट. शिवाय रिटेल क्षेत्राची कौशल्य परिषद, रास्की, हिने सेल्स असोसिएट, कॅशियर वगैरे पदांसाठीचे अभ्यासक्रम-निकष जाहीर केलेले आहेत. इंग्रजीत आणि रुक्ष आहेत, पण त्या पदावरच्या माणसाला काय काय यायला हवं याची इतकी नेमकी यादी दुसरीकडे मिळत नाही. कुणाकडून तरी समजून घेऊन का होईना, वाचा.

कागदपत्रांत आधार, पॅन, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, चार फोटो. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख गुणपत्रिकेशी जुळते का हे आजच बघा. फरक असेल तर पीएफच्या खात्यात पुढे अडकतं. मूळ कागद दाखवायचे, ठेवून द्यायचे नाहीत. युनिफॉर्मचं डिपॉझिट, नोंदणी शुल्क, ट्रेनिंगचे पैसे असं नोकरीआधी कुणी मागितलं तर ती नोकरी नाही, फसवणूक आहे. पेहराव साधा: इस्त्रीचा शर्ट, बंद बूट, कापलेली नखं, बांधलेले केस. प्रतिस्पर्धी ब्रँडचं नाव छातीवर असलेला टीशर्ट घालून जाऊ नका.

पगाराचं बोलणं मुलाखतीच्या शेवटी येतं आणि तिथे लाजून चालत नाही. 'हातात किती?' हा प्रश्न उद्धट नाही. समजा एकूण पगार 15,000 आणि त्यातलं मूळ वेतन 12,000 सांगितलं. पीएफचे मूळ वेतनावर 12 टक्के म्हणजे 1,440, ईएसआयचे (कामगार विम्याचे) एकूण पगारावर 0.75 टक्के म्हणजे 113, पुरुषाला व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300). हातात 13,247. महिलांना महिना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्यांच्या हातात 13,447. मालकाचा पीएफचा वाटाही पगारात धरून आकडा फुगवलाय का, हे नक्की विचारा. पगार थेट कंपनी देणार की मधली एजन्सी, तेही. आणि हे नोकरीचं पद आहे की अप्रेंटिसशिप? अप्रेंटिसला विद्यावेतन मिळतं, पीएफ कापला जात नाही, आणि मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच असं नसतं. वाईट काही नाही त्यात, पण घरी सांगताना नोकरी म्हणून सांगू नका.

साप्ताहिक सुट्टी रविवारी मिळणार नाही हे गृहीत धरा, पण आठवड्यातून सलग 24 तासांची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर हे महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. त्याच कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलेला काम द्यायचं तर तिची संमती लागते, आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. नाशिकरोड, सातपूर, सिडको किंवा पंचवटीतून येणाऱ्या मुलीने 'बंदच्या पाळीला गाडीची सोय आहे का?' असं विचारलं तर तिचा हक्कच आहे. मुलग्यांनीही आपल्या मार्गावरची शेवटची सिटीलिंक बस किती वाजता सुटते हे थांब्यावर जाऊन पाहून घ्यावं. 'रात्री घरी कसे जाल?' याला बसचा नंबर आणि वेळ सांगणारा उमेदवार पाठ केलेल्या इंग्रजीवाल्याच्या पुढे जातो.